दहा संगणक, एक पेन ड्राइव्ह: विंडोज टाकताना लायसन्सचा हिशेब

विंडोज ११चा पेन ड्राइव्ह एकदा बनवला (८ जीबीचा पुरतो) की तो दहा काय, शंभर संगणकांना लावता येतो. त्यात बेकायदा काही नाही. त्यासाठी लागणारी विंडोजची इन्स्टॉलेशन फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर फुकटच मिळते. पैसे पडतात ते लायसन्सचे, म्हणजे वापराच्या परवान्याचे, आणि लायसन्स यंत्रागणिक लागते. एका संगणकाच्या आत व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा संगणक) चालवली, तर तिलाही वेगळे लायसन्स लागते.

घोळ होतो तो ॲक्टिव्हेशनमुळे, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून होणाऱ्या लायसन्सच्या पडताळणीमुळे. ‘की’ (लायसन्सचा अक्षरे-आकड्यांचा कोड) न टाकताही विंडोज इन्स्टॉल होते, आणि एखादी की चुकून दोन संगणकांवर चालूनही जाते. पण ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसले म्हणजे वापरायचा हक्क मिळाला असे नाही. हक्क ठरतो तो लायसन्सच्या प्रकारावरून, म्हणून फॉरमॅट मारायच्या आधी प्रकार तपासा.

आधी यादी करा

एका शीटवर प्रत्येक संगणकाचा सिरियल नंबर, आवृत्ती (होम की प्रो), लायसन्सचा प्रकार आणि बिल क्रमांक लिहा. प्रकार कळण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएलएमजीआर’, मग मोकळी जागा, तिरपी रेघ आणि तिला जोडून ‘डीएलआय’ ही अक्षरे इंग्रजीत टाइप करा (slmgr /dli). चौकट उघडेल, तिच्या वर्णनाच्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द असेल.

ओईएम म्हणजे ब्रँडेड लॅपटॉप-डेस्कटॉपसोबत आलेले लायसन्स. हल्ली त्याची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्ये कायम असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ती आपोआप उचलली जाते. हे लायसन्स त्या यंत्रालाच बांधलेले असते. यंत्र भंगारात गेले की तेही गेले. मदरबोर्ड बिघडला म्हणून बदलला तर चालते, पण वेग वाढवायला नवा मदरबोर्ड टाकला तर मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो नवा संगणक होतो. असेंबल्ड संगणकासाठी दुकानदार ओईएम पॅक देतो, त्यालाही हाच नियम.

रिटेल म्हणजे वेगळे विकत घेतलेले लायसन्स. ते दुसऱ्या यंत्रावर नेता येते, मात्र एका वेळी एकाच यंत्रावर. हलवण्याआधी जुन्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून मघाचीच कमांड द्या, फक्त शेवटी ‘डीएलआय’ऐवजी ‘यूपीके’ (upk) लिहा. की निघते. मग नव्या संगणकावर सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन या वाटेने ती टाका.

व्हॉल्यूम लायसन्सचा सापळा

व्हॉल्यूम म्हणजे संस्थेने अनेक संगणकांसाठी एकत्र घेतलेले लायसन्स. ‘आम्ही व्हॉल्यूम घेतलंय, आता सगळीकडे टाका’ हे वाक्य बऱ्याच कार्यालयांत ऐकू येते. पण डेस्कटॉप विंडोजचे व्हॉल्यूम लायसन्स हे फक्त अपग्रेड असते. त्याखाली आधीच एक पात्र लायसन्स, साधारणपणे प्रो, असावे लागते. कोऱ्या असेंबल्ड संगणकावर ते पुरत नाही, आणि होम आवृत्तीवरही नाही. वीस संगणक होमचे घेऊन वर व्हॉल्यूम चढवण्याचा बेत असेल, तर खरेदीच्या वेळीच प्रो मागा. नंतर ते महाग पडते.

व्हॉल्यूमची की दोन तऱ्हांची. एमएके कीवर ठरावीक ॲक्टिव्हेशन मिळतात आणि प्रत्येक संगणक एकदाच मायक्रोसॉफ्टशी बोलतो. केएमएसमध्ये कार्यालयातलाच एक सर्व्हर हे काम करतो. त्याला किमान २५ डेस्कटॉप जोडले जावे लागतात, त्याआधी एकही ॲक्टिव्हेट होत नाही. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि संगणक दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करतो. सहा महिने कार्यालयाच्या नेटवर्कला न लागलेला लॅपटॉप म्हणूनच कुरकुर करू लागतो. पंचविसाच्या आत संगणक असतील तर एमएकेच घ्या.

एकाची इमेज सगळ्यांवर

वीसही यंत्रांना आपापले ओईएम लायसन्स असले, तरी एकाची डिस्क क्लोन करून, म्हणजे तिची हुबेहूब प्रत (इमेज) काढून, बाकीच्यांवर चढवण्याचा हक्क त्या लायसन्समध्ये नसतो. हा हक्क व्हॉल्यूमसोबत येतो, आणि त्यासाठी त्या उत्पादनाचे एक व्हॉल्यूम लायसन्स पुरते. अट अशी: इमेज व्हॉल्यूमच्या फाइलवरून बनवायची, आणि तिची आवृत्ती व भाषा यंत्रासोबत आलेल्या विंडोजशी तंतोतंत जुळायची.

एक संगणक तयार झाला की सिसप्रेप (इमेज घेण्याआधी संगणकाची खास ओळख पुसणारे विंडोजमधलेच साधन) चालवा, ‘जनरलाइज’वर खूण करा आणि शटडाउन निवडा. त्यानंतर तो पुन्हा सुरू न करता इमेज घ्या. ‘जनरलाइज’ विसरले की सगळ्या क्लोनची ओळख एकच राहते, आणि केएमएस सर्व्हर पंचवीस संगणकांना एकच मोजतो. सिसप्रेपच अडला, तर बहुतेकदा स्टोअरमधून आपोआप अपडेट झालेले एखादे ॲप कारण असते. संगणक तयार करताना इंटरनेट बंद ठेवले तर हा त्रास टळतो.

एरर आला तर

ॲक्टिव्हेशनला एरर आला तर त्याच्या कोडची शेवटची चार अक्षरे पाहा. सी००८ म्हणजे की मर्यादेपेक्षा जास्त ठिकाणी वापरली गेली. सी०२० म्हणजे एमएकेचा कोटा संपला, तो मागणी करून वाढवून घेता येतो. एफ०३८ असेल तर केएमएसचे २५ भरलेले नाहीत. एफ०७४ला केएमएस सर्व्हर सापडत नाही. फायरवॉलमध्ये टीसीपी १६८८ पोर्ट उघडा आहे का ते बघा. सी००३ म्हणजे की ब्लॉक झाली आहे. ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या कींच्या नशिबी बहुधा हेच असते: त्या कोणत्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम की असतात आणि काही महिन्यांनी बंद पडतात. पैसे गेले आणि लायसन्स तर कधी नव्हतेच.

प्रोची की घेतली तरी फर्मवेअरमध्ये होम असेल तर सेटअप न विचारता होमच टाकतो. घाबरू नका, नंतर ॲक्टिव्हेशनच्या पानावर प्रोची की टाकली की आवृत्ती बदलते. विंडोज ७ किंवा ८च्या जुन्या कीवर मात्र विसंबू नका. त्यांवरून फुकट अपग्रेडची वाट सप्टेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केल्याचे जाहीर केले.

भारतात चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून संगणकावर वापरले, तर कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ६३बखाली किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून दंडावर भागवू शकते. क्लास आणि कार्यालयांनी ही सवलत आपल्यासाठी आहे असे समजून चालू नये.

बजेटच नसेल तर विंडोजऐवजी उबुंटू किंवा सी-डॅकचे बॉस लिनक्स ही फुकट प्रणाली हवी तितक्या संगणकांवर टाका. तिथे यंत्रे मोजावी लागत नाहीत. फक्त उबुंटू प्रोची (जादा सुरक्षा अपडेटची) वैयक्तिक फुकट सेवा ५ यंत्रांपुरती आहे.

जुना संगणक विकताना ओईएम लायसन्स त्याच्याबरोबर जाऊ द्या, रिटेल की आधी काढून घ्या, आणि शीटवरची ओळ त्याच दिवशी बदला.