स्कॅटर काढल्यावर आधी खालचा अक्ष बघा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी बोअरच्या पाण्यातलं लोह मोजत होते. फेनॅन्थ्रोलिनची पद्धत (हे रसायन लोहाशी मिळून रंग देतं), नारिंगी-लाल रंग, ५१० नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो त्याचं रीडिंग. स्टँडर्ड, म्हणजे लोहाचं प्रमाण आधीच माहीत असलेली द्रावणं, पाच: ०.२५, ०.५, १, २ आणि ४ पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग). रीडिंग ०.०५, ०.१०, ०.२०, ०.४०, ०.८० च्या आसपास. म्हणजे सरळ रेघ यायलाच हवी. एक्सेलच्या स्कॅटर चार्टमध्ये (खाली प्रमाण, उभं रीडिंग, प्रत्येक जोडीचा एक ठिपका) मात्र ठिपके वर वर वळत गेले, आर-वर्ग ०.८७ (ठिपके रेघेशी किती जुळतात त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत). तीन दिवस मी द्रावणं ओतून देत होते, नवी करत होते. शेवटी रडू आलं.

द्रावणं चांगलीच होती. शेवटच्या सेलमध्ये मी नुसतं ४ न लिहिता ‘४ पीपीएम’ लिहिलं होतं, एवढंच. एक्सच्या, म्हणजे खालच्या अक्षाच्या, रकान्यात एका जरी सेलमध्ये मजकूर असला, तरी एक्सेल सगळ्याच किमती सोडून देतं आणि १, २, ३, ४, ५ असे क्रमांक धरतं. कुठलीही सूचना येत नाही. खालचा अक्ष ४ ऐवजी ५ च्या पुढे गेलेला दिसत होता, पण मी फक्त रेघेकडे बघत होते. ०.३० रीडिंगच्या नमुन्यात लोह १.५ पीपीएम असायला हवं. त्या चुकीच्या रेघेच्या समीकरणाने ते २.९ दाखवलं. जवळजवळ दुप्पट!

म्हणून एकक फक्त रकान्याच्या मथळ्यात लिहा. आकडा सेलच्या डावीकडे चिकटलेला दिसला की संशय घ्या, सेलमध्ये खरंच आकडा आहे का ते सांगणारं एक्सेलचं इझनंबर (ISNUMBER) हे सूत्र लावून बघा. स्कॅटरऐवजी लाइन चार्ट निवडलात तरी हाच घोळ होतो, तोही एक्सला समान अंतरावर मांडतो.

‘आर-वर्ग ०.९९ आला ना, मग झालं’ म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम्बने १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच दिले, प्रत्येकात ११ ठिपके. चारही संचांचा सहसंबंध ०.८२ च्या जवळ, रेघही तीच. पण एकात ठिपके वळलेले, तर एकात सगळा कल एकाच दूरच्या ठिपक्यावर टांगलेला. तयार टेम्प्लेटमध्ये आकडे ओतणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, माझं स्पष्ट मत आहे.

घाबरू नका, डोळा बसतो. मी अजूनही पहिला आलेख पेन्सिलीने आलेख कागदावर काढते. पाच ठिपक्यांना दहा मिनिटं लागतात.