तोंडाच्या कर्करोगात डीएपीके१ जनुकाचं मिथिलेशन कसं तपासायचं

बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारी काही जनुकं असतात. डीएपीके१ त्यांपैकी एक. तोंडाच्या बऱ्याच गाठींमध्ये या जनुकाच्या क्रमात काहीच बदललेलं नसतं, पण त्याच्या प्रोमोटरमधल्या (जनुक सुरू-बंद करणाऱ्या भागातल्या) सायटोसिन या डीएनएच्या बेसवर मिथिल गट बसतात, म्हणजेच मिथिलेशन होतं, आणि जनुक गप्प होतं. हे पाहायची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे मिथिलेशन-स्पेसिफिक पीसीआर (एमएसपी; पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं), जी १९९६ पासून वापरात आहे. सोपी दिसते, म्हणूनच तिच्यातून खोटे निकालही भरपूर निघतात.

नमुना निवडताना पॅथॉलॉजिस्टला सोबत घ्या. पॅराफिन ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या ऊतीतून) १० मायक्रॉनचे काप काढा, पण आधी एका कापाला एच अँड ई हा पेशी दाखवणारा रंग देऊन गाठीचा भाग खुणेने वेगळा करा. निम्म्याहून जास्त पेशी लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) किंवा स्नायूच्या असतील तर तो काप घेऊ नका. ऊती टिकवायच्या फॉर्मलिनमुळे डीएनएचे तुकडे होतात, त्यामुळे पीसीआरचा तुकडा १५० बेसपेक्षा लहानच हवा. डीएपीके१ साठी सर्रास वापरले जाणारे प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) ९८ (मिथिलेटेड) आणि १०६ (अनमिथिलेटेड) बेसचे तुकडे देतात, तेव्हा ती अडचण येत नाही.

तुलनेसाठी गाठीशेजारचा ‘नॉर्मल’ भाग घ्यायचा मोह होतो. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात गाठीबाहेरचं अस्तरही बदललेलं असू शकतं, म्हणून व्यसन नसलेल्या व्यक्तींचे नमुनेही ठेवा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी सुटी तंबाखू आणि सुपारी मिळतेच. त्यामुळे फॉर्मवर नुसतं ‘व्यसन: आहे/नाही’ न लिहिता काय, किती वर्षं आणि गालाच्या कोणत्या बाजूला ठेवतात, तेही विचारून लिहा.

खरं काम बायसल्फाइट या रसायनाचं. मिथिल नसलेल्या सायटोसिनचा युरासिल होतो, मिथिल असलेला तसाच राहतो. हाच फरक प्रायमरच्या दोन जोड्या ओळखतात. १ मायक्रोग्रॅम डीएनए ५० मायक्रोलिटर पाण्यात घ्या, त्यात २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५.५ मायक्रोलिटर घालून ३७ अंशांवर १० मिनिटं ठेवा. मग ताजं १० मिलिमोलर हायड्रोक्विनोन ३० मायक्रोलिटर आणि पीएच ५ चं ३ मोलर सोडियम बायसल्फाइट ५२० मायक्रोलिटर. वर मिनरल ऑइलचा थर द्या आणि अंधारात ५० अंशांवर १६ तास ठेवा. कॉलमवर शुद्ध करून ०.३ मोलर हायड्रॉक्साइडमध्ये ५ मिनिटं सामान्य तापमानाला ठेवा, इथेनॉलने खाली बसवा आणि २० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवा.

गडबड बहुधा इथेच होते. सुरुवातीला डीएनएचे धागे नीट सुटे झाले नाहीत किंवा प्रथिनं उरली, तर काही सायटोसिन बदलतच नाहीत आणि अर्धवट बदललेला डीएनए मिथिलेटेड असल्यासारखा दिसतो. उघड्या राहिलेल्या जुन्या बाटलीतलं बायसल्फाइट हवेने सल्फेट होतं, त्यावर पैसे वाचवू नका. उलट वेळ फार वाढवला तर डीएनए आणखी तुटतो आणि मिथिलेटेड सायटोसिनही बदलू लागतो.

पीसीआर २५ मायक्रोलिटरची, त्यात २ मायक्रोलिटर टेम्प्लेट, म्हणजे बायसल्फाइट दिलेला डीएनए. ९५, ६० आणि ७२ अंश प्रत्येकी ३० सेकंद, ३५ चक्रं. एन्झाइम हॉट-स्टार्ट टॅक (तापवल्यावरच काम सुरू करणारं) घ्या. पीएफयूसारखं प्रूफरीडिंग एन्झाइम युरासिलवर अडतं, आणि यूएनजी (युरासिल काढून टाकणारं एन्झाइम) असलेलं मास्टर मिक्स, म्हणजे तयार मिश्रण, तर टेम्प्लेटच खाऊन टाकतं. चक्रं ४० च्या पुढे नेलीत की डीएनए न घातलेल्या ट्यूबमध्येही जेलवर पट्टी दिसू लागते. दोन्ही तुकड्यांत फक्त ८ बेसचा फरक आहे, म्हणून ते ३ टक्के अ‍ॅगरोज जेलवर वेगवेगळ्या लेनमध्ये चालवा.

प्रत्येक खेपेला चार कंट्रोल हवेत: एसएसएसआय मिथाइलेज या एन्झाइमने मिथिलेट केलेला डीएनए, निरोगी व्यक्तीच्या लिम्फोसाइटचा डीएनए, पाणी, आणि बायसल्फाइट न दिलेला डीएनए. चौथा बहुतेक जण विसरतात. त्यात पट्टी आली तर प्रायमरच सैल आहेत. त्यांत सीपीजीबाहेरचे सायटोसिन पुरेसे नाहीत (सीपीजी म्हणजे सायटोसिननंतर ग्वानिन येतो ती जागा; मिथिल गट बहुधा तिथेच बसतो).

निकाल वाचताना: अनमिथिलेटेड पट्टी जवळजवळ प्रत्येक गाठीत येते, कारण आजूबाजूच्या निरोगी पेशी मिसळलेल्याच असतात. दोन्हींपैकी एकही पट्टी नसेल तर ‘मिथिलेशन नाही’ असं लिहू नका. तो नमुना बाद, पुन्हा करा. आणि एमएसपी फक्त प्रायमरखालचे मोजके सीपीजी पाहते. जनुक खरंच बंद आहे का, हे आरएनए मोजून किंवा प्रथिनाच्या रंगाने ठरवा. मिथिलेशन घटवल्यावर जनुक परत सुरू होतं का, हे पाहायला पेशीरेषेवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर) ५-अझा-२’-डिऑक्सिसायटिडिन १ ते ५ मायक्रोमोलर ७२ तास देता येतं. ते द्रावणात लवकर बिघडतं म्हणून माध्यम रोज बदला, आणि पेशी विभागत नसतील तर परिणामाची वाट पाहू नका.

रुग्णाच्या रिपोर्टमध्ये हा निकाल निदान म्हणून घालू नये. दोन आठवडे न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारं तोंड यासाठी तपासणी आणि गरजेप्रमाणे बायोप्सीच.