भातावरचा करपा: तुसाच्या राखेपासून फवारणीपर्यंत

करप्याचे औषध बहुतेक जण लोंब्या पळंज (दाणा न भरलेल्या, पोकळ) पडू लागल्या की शोधतात. तेव्हा दुकानदाराचा फायदा होतो, भाताचा नाही. खरे काम तरव्यापासून, म्हणजे रोपे तयार करण्यापासून, सुरू होते.

आपल्या जांभ्या जमिनीतून पावसाबरोबर पोटॅश आणि सिलिका धुऊन जाते. सिलिका कमी मिळाली की पान मऊ राहते आणि करप्याची बुरशी सहज आत शिरते. म्हणून तरव्याच्या गादीवाफ्यावर दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख पसरा आणि वरच्या दोन-तीन इंच मातीत मिसळा. राख काळीच हवी. पांढरी पडेपर्यंत जाळलेल्या तुसातली सिलिका मुळांना सहज मिळत नाही.

बियाणे 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ओता. तरंगणारे काढून टाका, तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. मग किलोला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरायची असेल तर ती शेणखतात मिसळून वाफ्यात द्या, थायरम लावलेल्या बियाण्यावर नको. तीही बुरशीच, औषधाने मरते.

लावणीनंतर युरिया एकदम टाकू नका, तीन हप्त्यांत द्या. गर्द हिरवे खाचर बघायला छान, पण करपा आधी तिथेच येतो.

पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी, कडेला तपकिरी ठिपके दिसले की ट्रायसायक्लाझोल 75 टक्के, 10 लिटर पाण्याला 6 ग्रॅम. 16 लिटरच्या पंपाला साधारण 10 ग्रॅम. एकराला 200 लिटर पाणी लागते. चार पंपांत एकर उरकला तर अर्धे पान कोरडेच राहते. ठिपके असलेल्या खाचरात पोटरीच्या शेवटी, लोंबी बाहेर पडण्याआधी, एक फवारा मारा, लोंबीची मान त्यानेच वाचते. मान काळी पडल्यावर काही उपयोग नाही. पावसाची उघडीप बघून, चिकटद्रव्य घालून, दुपारनंतर फवारा. सकाळी भात फुलतो.

पर्णकोष करपा वेगळा. तो पाण्याच्या रेषेजवळ बुडख्यावर चट्टे पाडतो. खाचरातले पाणी काढा आणि हेक्झाकोनॅझोल 5 टक्के, लिटरला 2 मिलि, नोझल खाली धरून बुडख्यावर मारा. वरून पानावर मारलेले वाया. चिखलणीच्या वेळी वाऱ्याने कोपऱ्यात फेसाबरोबर साचणारे मोहरीएवढे तपकिरी दाणे याच बुरशीचे. फेसासकट काढून टाका. बांधावरचे गवतही कापा, रोग तिथे दबा धरून बसतो.

पान टोकाकडून, कडेने नागमोडी पिवळे पडत वाळत असेल तर औषध घेण्याआधी त्याचा तुकडा कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात धरा. कापल्या जागेतून दुधी धार सुटली तर तो कडा करपा, जिवाणूजन्य. वरची बुरशीनाशके त्यावर चालत नाहीत. युरिया थांबवा, पाणी काढा आणि त्या खाचरातले पाणी शेजारच्या खाचरात सोडू नका.