तक्रार कितव्या तासाची?

भाच्याचा प्रश्न ठरलेला असतो. "मावशी, ह्या गेमला परीक्षणांत शंभरपैकी ८४ मिळालेत. घेऊ का?"

माझं उत्तरही ठरलेलं. "आकडा राहू दे. नावं काय ठेवलीत ते वाचून दाखव."

मोकळ्या शहरात गाड्या उडवायचे गेम, म्हणजे ओपन-वर्ल्ड आर्केड रेसिंग, मी वीसेक वर्षं खेळतेय आणि त्यांची परीक्षणं त्याहून जास्त आवडीनं वाचतेय. कौतुकातून फारसं काही हाती लागत नाही, कारण ते सगळीकडे सारखंच असतं: नकाशा भव्य, वेग जबरदस्त, ग्राफिक्स डोळ्यांचं पारणं फेडणारे. खरी माहिती तक्रारीत असते. पण ती वाचायची एक रीत आहे. तक्रार वहीत उतरवून घ्यायची आणि तिच्यासमोर अंदाजानं तास लिहायचा. हे बोलणं समीक्षकाला कितव्या तासाला सुचलं असेल?

हे याच प्रकारच्या गेमला का लागू पडतं, ते सांगते. बंद ट्रॅकवरच्या गेममध्ये रस्ता पहिल्या फेरीपासून समोरच असतो, चुकायला वाव नसतो. मोकळ्या शहरात मात्र एकाच डिस्कवर तीन गेम असतात. रस्ते माहीत नसतात तेव्हाचा एक, ते हाताला सवयीचे झाले की दुसरा, आणि सगळं पाहून संपलं की तिसरा. परीक्षण लिहिणाऱ्याला मुदत गाठायची असते. तो बहुतेक वेळा पहिला गेम पुरता खेळतो, दुसऱ्यात जेमतेम पाय ठेवतो. तिसऱ्याबद्दल लिहितात ते चार महिन्यांनी पस्तावलेले खेळाडू.

सुरुवातीच्या एक-दोन तासांवर तर कौतुक असो की तक्रार, कशावरच भिस्त ठेवू नका. तो भाग म्हणजे लग्नातलं स्वागत. २०२१ च्या फोर्झा होरायझन ५ मध्ये गाड्या विमानातून खाली सोडतात, पहिलीच ज्वालामुखीच्या उतारावर, आणि एकामागून एक भारी गाड्या हातात देत तुम्हाला मेक्सिकोभर पळवत फेस्टिव्हलपर्यंत आणतात. बघायला झकास आहे. पण पुढचे चाळीस तास तुम्ही रोज काय करणार, हे त्यातून कळत नाही. "सुरुवातच अंगावर येते" एवढ्यावर ज्याचं परीक्षण उभं आहे, त्याच्या वाक्यासमोर मी सरळ "तास १" लिहिते आणि पुढे जाते.

"गाडीला वजनच नाही, खरी गाडी अशी वळत नाही" ही तक्रार तर यादीतून काढूनच टाका. ब्रेक न दाबता काटकोनात घसरत जाणं म्हणजेच आर्केड. आंबा गोड लागला म्हणून रागावण्यासारखं आहे ते.

आता जरा थांबून एक तक्रार जवळून बघू, कारण ही रीत मला तिनंच शिकवली.

बर्नआउट पॅराडाइज. क्रायटेरियनचा गेम, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर जानेवारी २००८ मध्ये आला. आधीच्या बर्नआउटमध्ये मेनूतून शर्यत निवडायची आणि खेळायची. इथे मेनू काढून अख्खं शहर दिलं. सिग्नलला गाडी उभी करायची, कंट्रोलरचे दोन्ही ट्रिगर, म्हणजे वेग आणि ब्रेक, एकदम दाबायचे, जागेवर चाकं फिरून धूर निघाला की शर्यत सुरू. परीक्षणं एकूण चांगली होती, पण एक कुरकुर जवळपास सगळीकडे होती: शर्यत हरलात तर ती पुन्हा सुरू करायची सोय नाही. शेवट शहराच्या दुसऱ्या टोकाला होतो, आणि परत खेळायचं तर तेवढं अंतर कापून त्याच सिग्नलला या.

मलाही तेच झालं. शहराच्या मध्यातून निघाले, शेवट पश्चिमेच्या डोंगरातल्या पवनचक्क्यांपाशी. रस्त्यावर धरून ठेवणारी खूणरेषा नव्हती. वळण आलं की पडद्याच्या वरच्या बाजूला रस्त्याच्या नावाची पाटी लुकलुकते, एवढंच. त्या वेगात वर बघायला सवड कुणाला? समोरून येणारी मोटार चुकवली, तेवढ्यात वळण हुकलं, आणि नकाशा बघेपर्यंत बाकीचे डोंगर चढायला लागले होते. शेवटून दुसरी आले. "पुन्हा" असं बटण शोधलं. नव्हतं. त्या रात्री वहीत लिहिलं: "रीस्टार्ट नाही. वैताग." समोर तास २.

परतताना चिडून हळू चालवत होते. हळू होते म्हणूनच कडेचं पिवळं फाटक दिसलं. फोडून आत घुसले तर खाली रेल्वेचे रूळ, आणि वर बाकीच्या गाड्या ज्या वळणांत अडकतात ती सगळी वळणं गायब. अशी ४०० फाटकं त्या शहरात आहेत. अकराव्या तासाच्या आसपास माझ्या लक्षात आलं की आता मी पाटीकडे बघतच नाही. पवनचक्क्या म्हटलं की हात आपोआप डावीकडे वळतात. हा हरून परत येण्याचा वैताग म्हणजे त्या गेमची शिकवणीच होती.

मग समीक्षक चुकले होते का? अजिबात नाही. कामावरून दमून येऊन अर्धा तास खेळणाऱ्याला ही शिकवणी नको असते, आणि पुढे २००९ मधल्या मोफत अपडेटमध्ये बनवणाऱ्यांनीही रीस्टार्ट दिलंच. (दिल्यावर मीही ते वापरलं. त्यानंतर नवीन फाटकं शोधायची माझी सवय जवळपास सुटली, हेही खरं.) तेव्हा तक्रार खोटी ठरवू नका. ती कुणाची आणि कितव्या तासाची हे बघा, आणि त्या तासाला तुम्ही कुठे असाल याचा हिशेब करा. आठवड्याला एखादा तास खेळणार असाल तर तुमचा अकरावा तास तीन महिन्यांनी येईल.

काही तक्रारी मात्र स्वतः तपासून घेता येतात. त्यांतली सगळ्यात जुनी म्हणजे रबर बँडिंग. तुम्ही पुढे गेलात की मागचे अचानक सुसाट, तुम्ही मागे पडलात की पुढचे रेंगाळणार. प्रतिस्पर्ध्यांचा वेग तुमच्यापासूनच्या अंतराला बांधलेला असतो. परीक्षणात हा शब्द दिसला की डेमोत किंवा मित्राकडे एक शर्यत मुद्दाम वाया घालवा. मध्येच पूर्ण थांबा, मनात पाच आकडे मोजा आणि निघा. दोन वळणांत घोळका पुन्हा गाठलात तर तक्रार खरी. मग उलटं करा: सुरुवातीची सत्तर टक्के शर्यत निवांत चालवा आणि शेवटीच जोर लावा. तरीही जिंकलात तर आधी केलेल्या चांगल्या ड्रायव्हिंगला त्या गेममध्ये किंमत नाही. थोडं रबर मला चालतं, एकटीनं रिकामा रस्ता तुडवण्यात मजा नसते. पण ते दिसायला लागलं की खेळ संपला.

मधल्या तासांच्या तक्रारी, साधारण आठ ते वीस, मी सगळ्यात गंभीरपणे घेते. तिथे गेमचा कमाईचा रस्ता उघडा पडतो. २०१७ च्या नीड फॉर स्पीड पेबॅकमध्ये गाडी सुधारायला इंजिनचे भाग नव्हे, स्पीड कार्ड लागायची. नको असलेली तीन कार्डं देऊन जुगाराच्या यंत्रासारखी कळ फिरवायची आणि नवीन काय पडतंय ते बघायचं. पुढच्या शर्यतीला गाडी कमी पडते म्हणून जुन्याच शर्यती पुन्हा घोटत बसायचं. परीक्षणांनी झोडपलं, मग बनवणाऱ्यांनी बक्षिसांचा हिशेब बदलला. पहिल्या दोन तासांत यातलं फारसं बोचत नाही. स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, पैसे परत मागायची मुदत मात्र तेवढीच: खरेदीपासून १४ दिवस, खेळणं दोन तासांच्या आत. म्हणून मधला तास दुसऱ्याच्या लेखातूनच वाचावा लागतो.

एक तक्रार अशी असते की तिचा तास मोजता येत नाही, वर्षं मोजावी लागतात. द क्रू हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. अख्खी अमेरिका आक्रसून बसवलेला नकाशा, आणि एकटं खेळायलाही नेट हवंच. परीक्षणात ते वाक्य आलं की मी त्यावरून नजर सरकवायचे, नेट तर घरी होतंच. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेली डिस्क शोभेची उरली. तेव्हापासून "ऑनलाइन सक्तीचं" हे शब्द मी लाल शाईनं लिहिते. फोर्झा होरायझन ४ ची विक्री डिसेंबर २०२४ मध्ये थांबली, पण ती गोष्ट वेगळी: ज्यांच्याकडे आहे त्यांना तो खेळता येतो. विक्री थांबणं आणि खेळ बंद पडणं यांची परीक्षणांतही सर्रास गल्लत होते.

तास शोधायचे कुठे? स्टीमवर प्रत्येक मतासोबत लिहितेवेळी किती तास झाले होते ते छापलेलं असतं. पंधरा ते साठ तासांमधली नापसंतीची मतं आधी वाचा. दीड तासाची सोडा. सातशे तास खेळून "रद्दी आहे" म्हणणाऱ्याचीही सोडा, ते नवरा-बायकोचं भांडण आहे. "अलीकडची" मतं म्हणजे गेल्या ३० दिवसांची; एकूण चांगली आणि अलीकडची वाईट असतील तर कुठल्यातरी अपडेटनं घाण केली आहे, ती शोधा. मेटाक्रिटिक ही परीक्षणांचे गुण एकत्र करणारी साइट; तिथली सरासरी साधी नसते, कुठल्या प्रकाशनाला किती वजन द्यायचं ते त्यांचं ते ठरवतात आणि सांगत नाहीत. गेम आल्यावर खेळाडूंना गुण देण्याआधी ३६ तास थांबवण्याचा नियम त्यांनी २०२० मध्ये केला, तो मला फार आवडला. तरी ३६ तासांत माणूस झोपतो, जेवतो. खेळून होतात फार तर दहा-बारा.

स्वतःचं मत लिहिणार असाल तर हीच वही उलटी वापरा. खेळताना जे खटकेल ते त्याच क्षणी, तासासकट, चार शब्दांत टिपा आणि लगेच छापू नका. दुप्पट तास झाले की पान पुन्हा काढा. जे अजून खटकतंय तेवढंच लिहा.

माझं बर्नआउटचं पान अजून आहे. "रीस्टार्ट नाही", तास २, त्यावर काट. "गाणी बदलत नाहीत का ही", तास ४, त्यावरही काट, कारण नंतर आवाजच बंद करून टाकला. त्याखाली "प्रत्येक शर्यत त्याच आठ ठिकाणी संपते", तास २६. ती ओळ खोडलेली नाही.