बीआरपी गेलं, ई-व्हिसा आला: भारतवारीहून यूकेला परतण्याआधी काय करून ठेवायचं

माझी मावसबहीण लंडनहून एका लग्नासाठी नाशिकला आली होती. परत जाताना मुंबई विमानतळावर चेक-इनच्या मुलीने तिचा नवाकोरा पासपोर्ट मशिनवर फिरवला, स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मॅडम, यूकेचा व्हिसा?’ व्हिसा होता, चांगला दोन वर्षांचा शिल्लक होता. फक्त तो जुन्या पासपोर्टच्या नंबराला जोडलेला, आणि जुना पासपोर्ट नाशिकच्या कपाटात. फोनवरून लॉगिन करावं, तर कोड यूकेच्या सिमवर जाणार आणि ते सिम पर्सच्या चोरकप्प्यात. रोमिंग सुरू करून कोड येईपर्यंत पाऊण तास गेला. विमान मिळालं, पण घामाने भिजून.

पूर्वी हे सगळं एका गुलाबी-निळसर कार्डावर, म्हणजे बीआरपीवर (बायोमेट्रिक रेसिडेन्स परमिट, यूकेत राहण्याच्या परवानगीचं कार्ड), भागायचं. ब्रिटनने ३१ ऑक्टोबर २०२४ पासून नवी बीआरपी देणं थांबवलं, आणि बहुतेकांच्या कार्डावर ३१ डिसेंबर २०२४ हीच मुदत छापलेली होती, मग राहण्याची परवानगी पुढे कितीही वर्षांची असो. मुदत संपलेलं कार्ड प्रवासात दाखवायची सवलत मिळाली होती, तीही २०२५ च्या जूनमध्ये संपली. आता परवानगीची नोंद ऑनलाइन असते, तिलाच ई-व्हिसा म्हणतात.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. ई-व्हिसा म्हणजे फोनमध्ये ठेवायचं पीडीएफ नव्हे. त्यावर स्कॅन करायला क्यूआर कोडही नाही. विमान कंपनी तुमच्या पासपोर्टचा नंबर टाकते आणि त्या नंबरावर परवानगी आहे का, हे ब्रिटिश सरकारच्या यंत्रणेला विचारते. म्हणजे कार्डाची जागा खरं तर पासपोर्टच्या नंबराने घेतली आहे. स्क्रीनशॉट मनाच्या समाधानाला ठीक.

खातं उघडणं. गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर जाऊन यूकेव्हीआय खातं (ब्रिटनच्या व्हिसा विभागाचं ऑनलाइन खातं) उघडा. ते फुकट आहे; कोणी ‘प्रोसेसिंग’चे पैसे मागत असेल तर तिथून निघा. पासपोर्ट किंवा बीआरपी, ईमेल आणि फोन नंबर जवळ ठेवा. बीआरपी नसेल तर व्हिसाच्या अर्जाचा नंबरही लागतो. ओळख पटवायला फोनवर ‘यूके इमिग्रेशन: आयडी चेक’ हे ॲप घ्यावं लागतं. ते कागदाचा फोटो काढतं, चिप वाचतं आणि शेवटी तुमचा चेहरा तपासतं. चिप वाचताना फोनचं जाडजूड कव्हर काढून ठेवा, फोन कार्डावर टेकवा आणि हात हलू देऊ नका. दोन-तीनदा फसतं, मग जमतं. मुदत संपलेल्या बीआरपीनेही १८ महिने खातं उघडता येतं. २०२४ अखेर संपलेल्या कार्डांसाठी ही मुदत जून २०२६ अखेरची.

नव्याने शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांपैकी बहुतेकांना १५ जुलै २०२५ पासून पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकरसुद्धा मिळत नाही. त्यांनी हे खातं घरून निघण्याआधीच उघडायचं आहे. मुलांचं खातं प्रत्येकाचं वेगळं. आईवडिलांच्या खात्यात ती आपोआप येत नाहीत. सुट्टीला निघताना हेच नेमकं विसरतं.

नाव तपासणं. खातं उघडलं की ई-व्हिसावरचं नाव, जन्मतारीख आणि मुदत पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्या नावांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, लग्नानंतर आडनाव बदलतं, काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना चक्क रिकामा असतो. गोंधळाला इतकं पुरतं. चूक दिसली तर ती ऑनलाइन कळवायची सोय आहे. तिकीट काढण्याआधी कळवा.

नवा पासपोर्ट जोडणं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. पासपोर्टचं नूतनीकरण झालं की खात्यात जाऊन ‘अपडेट’मध्ये नवा नंबर टाका. ज्या दिवशी पासपोर्ट हातात पडेल त्या दिवशीच, चहा प्यायच्या आधी. नोंद व्हायला वेळ लागू शकतो, त्यामुळे विमानाच्या आदल्या रात्री हे करण्यात अर्थ नाही.

त्याच बैठकीत कोड कुठे येतो तेही पाहा. दर लॉगिनला ईमेलवर किंवा फोनवर कोड येतो. भारतात आल्यावर यूकेचं सिम बंद ठेवायची आपली सवय, म्हणून ईमेल निवडलेला बरा. आणि तो ईमेल उघडायलाही त्याच सिमवर कोड मागत नाही ना, ते घरूनच एकदा करून पाहा.

शेअर कोड काढून ठेवणं. आपली परवानगी दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायला हा कोड लागतो. त्याच साइटवर ‘व्ह्यू अँड प्रूव्ह’मध्ये गेलं की ९ अक्षरी कोड मिळतो, तो ९० दिवस चालतो. नोकरीसाठीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो, घरभाड्यासाठीचा आरने, बाकी कामांसाठीचा एसने. प्रवासाला एसचा काढा आणि कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. काउंटरवर नोंद दिसेना, तर तो कोड आणि जन्मतारीख टाकून परवानगी तपासता येते. तरीही अडलं, तर हुज्जत घालू नका. ब्रिटिश सरकारने विमान कंपन्यांसाठी चोवीस तासांची हेल्पलाइन ठेवली आहे, तिथे फोन लावायला शांतपणे सुचवा. काउंटरवर नवीन असलेल्या माणसाला ती ठाऊक असेलच असं नाही.

काही ज्येष्ठांकडे बीआरपी कधी नव्हतंच. कायम राहण्याच्या परवानगीचा शाईचा शिक्का, तोही दोन पासपोर्ट मागच्या जुन्या पासपोर्टवर. तो शिक्का रद्द झालेला नाही, पण दर खेपेला दोन-दोन पासपोर्ट घेऊन समजावत बसण्यापेक्षा ‘नो टाइम लिमिट’चा, म्हणजे ही कायमची परवानगी नव्याने नोंदवून घ्यायचा, अर्ज करावा. त्याला फी नाही आणि तो मंजूर झाला की ई-व्हिसा मिळतो.

आणि जुनं बीआरपी कात्रीने कापून टाकायची घाई करू नका. ते दाखवून खातं उघडलं असेल, तर लॉगिनला त्याच कार्डाचा नंबर विचारतात. मावसबहिणीने तिचं कार्ड आता आईच्या जुन्या रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय, नंबराचा फोटो मात्र फोनमध्ये.