चर्चच्या शाळेचा इतिहास लिहिताना: वसईकरांसाठी

शाळेची शताब्दी जवळ आली की स्मरणिकेचं काम निघतं आणि पहिला वाद होतो तो स्थापनेच्या सालावरून. चर्चच्या पडवीत वर्ग भरू लागले ते एक साल, सरकारी मान्यतेचं दुसरं, कोनशिलेवरचं तिसरं, हायस्कूल झालं ते चौथं. चारही सालं वेगवेगळी लिहा आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या कागदावरून घेतलं हे नोंदवा.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून, म्हणजे मुलांच्या दाखल्यांच्या नोंदवहीपासून करा. पहिल्या नोंदीची तारीख म्हणजेच स्थापना असं मात्र धरू नका. जीर्ण रजिस्टर पुन्हा उतरवून काढण्याची पद्धत होती. वीस वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या दिसल्या तर ती नंतरची नक्कल समजा. पानांची झेरॉक्स काढू नका, दाबल्यावर शिवण सुटते. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पान क्रमांकासह फोटो घ्या.

इयत्तांचा घोळ हमखास होतो. जुन्या पद्धतीत मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली येई, म्हणजे ती आजची पाचवी. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, आजच्या मोजणीने अकरावी. दहावीची एसएससी 1975 पासूनची.

चर्चकडचे कागद शोधताना आधी तेव्हाचा धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला भाग) कोणता ते ठरवा. वसई धर्मप्रांत 1998 मध्ये झाला, त्याआधी हा भाग मुंबई महाधर्मप्रांतात होता. 1886 ते 1928 या काळात इथली बरीच चर्चेस दमण धर्मप्रांताखाली होती, त्यामुळे त्या वेळचा पत्रव्यवहार पोर्तुगीजमध्ये असू शकतो. भाषा जाणणारा माणूस आधीच गाठा. जुन्या सरकारी कागदांसाठी ठाण्याला जा, कारण पालघर जिल्हा 2014 चा, त्याआधी वसई ठाणे जिल्ह्यात होती. 1903 पासून निघणाऱ्या ‘निरोप्या’ या मराठी ख्रिस्ती मासिकाचे जुने अंकही चाळा.

आता शाळेच्या मूल्यांचं प्रकरण. ‘सेवा, त्याग, शिस्त’ एवढं लिहून काहीच सांगितलं जात नाही. शाळेने काय जपलं ते तिच्या हिशेबात सापडतं. दर दहाव्या वर्षाचं रजिस्टर घ्या. मुली किती, ख्रिस्तेतर मुलं किती, पालक शेतकरी, मच्छीमार की मजूर, ते मोजा. फीच्या वहीत नादारी, म्हणजे गरिबीमुळे फीमाफी, किती जणांना मिळाली ते पाहा. ज्या वर्षी पैसे नव्हते त्या वर्षीही नादारी चालू राहिली असेल, तर तीच नोंद प्रकरणाच्या सुरुवातीला घ्या. प्रस्तावनेतल्या दहा विशेषणांपेक्षा तिचं मोल जास्त आहे. मग शेरेबुक, म्हणजे तपासणीच्या शेऱ्यांची वही, उघडा. तपासणी अधिकाऱ्याने पट, शिक्षकसंख्या, गळकं छप्पर असं सगळं टिपलेलं असतं.

माजी विद्यार्थ्यांना ‘शाळा कशी होती?’ असं विचारलं तर ‘छान होती’ एवढंच हाती लागतं. ख्रिस्ती मुलांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला बाकीची मुलं काय करत, ते विचारा. मान्यताप्राप्त शाळेत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असं घटनेचं कलम 28 सांगतं. शाळेने ते कसं पाळलं हे या उत्तरातून कळेल.

रजिस्टरातली जात, जन्मतारीख, वर्तणुकीचा शेरा छापू नका. आकडे द्या, नावं फक्त संमती असेल तरच.