कॉम्पॅक्ट कॅमेरा पारखताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की माझ्या फोनवर एकच प्रश्न यायला लागतो. "काका, हा घेऊ का?" सोबत दुकानाच्या काउंटरवर काढलेला फोटो, तोही कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला. त्यावरून मी काय सांगणार? सेल्समन हसरा आहे, एवढंच.

हे लिहितोय ते ज्यांच्या घरी मोठा कॅमेरा आहे, पण तो रोज खांद्याला लावून फिरायचा कंटाळा येतो, अशा हौशी मंडळींसाठी. मॅन्युअल मोड, रॉ फाइल (म्हणजे कॅमेऱ्याने हात न फिरवलेला कच्चा फोटो) आणि बरी लेन्स खिशात हवी, म्हणून ही माणसं कॉम्पॅक्टकडे, म्हणजे लेन्स न निघणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याकडे वळतात. आणि पंधरा वर्षं फोटो काढलेली माणसंही कॅमेरा घेताना त्याच त्या चुका करतात.

मधला भाग बघून लेन्स पास करणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी आतली चिप) वापरलेला कॉम्पॅक्ट घेतला. दुकानात चार फोटो काढले आणि स्क्रीनवर झूम करून मधोमध बघितलं. दुकानदाराच्या मिशीचा केस न केस मोजता येत होता. पैसे देऊन मोकळा झालो. पुढच्याच आठवड्यात भाचीचं लग्न. अक्षता पडल्या, सगळे स्टेजवर जमले, डावीकडे वरपक्ष आणि उजवीकडे आम्ही. धंदेवाईक फोटोग्राफर जेवायला गेला होता, म्हणून मी पुढे सरसावलो. झूम मागे, अ‍ॅपर्चर 1.8 (म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र; आकडा जितका लहान तितकं ते मोठं), टिच्चून चार फोटो.

घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले. उजवीकडे आमच्या वहिनींच्या शालूची जर दिसत होती. डावीकडचे व्याही मात्र चहाच्या वाफेतून बघावेत तसे. चारही फोटोंत तसंच. फोटो पाठवल्यावर विहीणबाईंचा फोन आला, "तुमच्याकडचे सगळे कसे स्वच्छ आलेत हो!" काय उत्तर देणार?

त्यानंतर चार-पाच महिने मी माझ्या हातालाच दोष देत होतो. आता स्वतःचंच हसू येतं, कारण हात हलला तर अख्खा फोटो हलतो, फक्त व्याही हलत नाहीत. लेन्समधलं एखादं भिंग किंचित तिरकं बसलं होतं. आत-बाहेर सरकणाऱ्या या लेन्स म्हणजे एकात एक शिरणाऱ्या नळ्या असतात. कॅमेरा एकदा खिशातून फरशीवर पडला की बाहेर ओरखडाही दिसत नाही, पण आतलं भिंग कलतं आणि फ्रेमची एक बाजू कायमची मऊ होते. कधीकधी नवा डबा उघडल्यावरही असा नग निघतो. दुकानदाराचं म्हणणं पडलं, "सर, सगळ्यांचं असंच असतं." सगळ्यांचं असं नसतं.

आता माझी सवय ऐका. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चार टाचण्यांनी ताणून लावतो. पानाच्या मधोमध पावडरच्या डबीतला छोटा आरसा चिकटवतो. त्या आरशात कॅमेऱ्याला स्वतःची लेन्स अगदी मधोमध दिसली की कॅमेरा भिंतीला समोरासमोर आला असं समजायचं. मग आरसा काढायचा. कॅमेरा ट्रायपॉडवर, हात हलल्याची भरपाई करणारं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून झूमच्या तीन जागी, म्हणजे रुंद, मध्ये आणि लांब, एकेक फोटो. संगणकावर चारही कोपरे शेजारी शेजारी लावून बघायचे. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव, सोडून द्या. एकच कोपरा किंवा एकच बाजू गेली असेल तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढा. आधीच्याच जाहिराती पुसट आल्या तर कागद तिरका लागलाय. पुसटपणा कागदाच्या दुसऱ्या बाजूच्या जाहिरातींवर गेला तर दोष लेन्सचा, कॅमेरा परत करा.

याला अर्धा तास लागतो. डबा उघडतानाचा व्हिडिओ काढायला लोकांकडे दोन तास असतात, याला अर्धा तास नसतो.

झूम करायचा आणि अंधाराला शिव्या द्यायच्या

आमच्या सोसायटीतला एक मुलगा आरतीचे फोटो घेऊन आला. म्हणाला, "काका, माझा मोबाइल याच्यापेक्षा भारी काढतो." बघितलं तर साहेबांनी कोपऱ्यात उभं राहून पूर्ण झूम मारलेला. आता सोनीच्या 2012 सालच्या पहिल्या आरएक्स 100 चं उदाहरण घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरात 1.8, पण ते 28 एमएमला, म्हणजे झूमच्या रुंद टोकाला. 100 एमएमपर्यंत गेलात की तेच अ‍ॅपर्चर 4.9 होतं. हिशेब केला तर प्रकाश सातपट कमी, म्हणजे जवळजवळ तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). जिथे आयएसओ (प्रकाश कमी पडला की वाढवायची संवेदनशीलता) 800 मध्ये भागलं असतं तिथे कॅमेरा 6400 वर जातो आणि समईच्या ज्योतीभोवती रवा सांडल्यासारखा दिसतो. मोबाइल तोवर एकामागून एक अनेक फ्रेम काढून त्यांचं मिश्रण करतो. ही तुलनाच नव्हे. दोन पावलं पुढे जा, रुंद टोकाला या, आयएसओ स्वतः ठरवा आणि मग दोन्ही फोटो शेजारी ठेवा. मुलगा दोन पावलं पुढे गेला नाही, ओएलएक्सवर गेला.

दोन कॅमेऱ्यांची तुलना करतानाही तेच. एक ऑटोवर आणि दुसरा ऑटोवर म्हणजे त्या दोन कॅमेऱ्यांच्या मर्जीची तुलना झाली.

बाकीच्या, भराभर

"एक इंची सेन्सर" एक इंचाचा नसतो. तो 13.2 बाय 8.8 मिलिमीटर भरतो. हे नाव टीव्ही कॅमेऱ्यांच्या जुन्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून चालत आलंय. तरी स्वस्त कॉम्पॅक्टमधल्या 6.2 बाय 4.6 च्या चौपट आहे, तेव्हा नाक मुरडू नका.

दुकानातल्या दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले म्हणून कॅमेरा नाकारू नका. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, नाहीतर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर आणा.

जेपीजी, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेला फोटो, बघून नॉइजचा (त्या सांडलेल्या रव्याचा) निकाल देऊ नका. तिथे कॅमेऱ्याने आधीच इस्त्री फिरवलेली असते. उलट, रॉ फाइल भलत्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून "खिडकीच्या सरळ कडा फुगल्या, लेन्स भंगार" असं ओरडूही नका. बऱ्याच कॉम्पॅक्टची लेन्स तो फुगवटा सॉफ्टवेअरने सपाट होणार हे धरूनच बनवलेली असते.

उन्हात स्क्रीन बघा. रिको जीआर 3 माझा जीव की प्राण, बॅटरीसकट 257 ग्रॅम. पण त्याला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही आणि स्क्रीन वळत नाही. मे महिन्यात दुपारी बाराला दुकानाच्या पायरीवर येऊन बघा, आपलं पटतं का ते.

खिसा तपासा. तुमचा, सेल्समनचा नव्हे. फुजी एक्स 100 व्हीआय 2024 मध्ये आल्यापासून ज्याला त्याला तोच हवाय, पण अर्धा किलोच्या वरचं ते वजन शर्टाच्या खिशात ठेवून बघा आणि मग "कॉम्पॅक्ट" म्हणा.

आणि जुना घेताना धूळ. अ‍ॅपर्चर शेवटच्या टोकापर्यंत बंद करा, फोकस हाताने अनंतावर, समोर पांढरी भिंत, एक फोटो. करडे ठिपके दिसले तर ती धूळ आत सेन्सरवर बसली आहे. लेन्स निघत नसल्याने ती साफ करायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो, तेव्हा किंमत तेवढी पाडून मागा. एका गृहस्थांनी माझ्यासमोर ते ठिपके पुढच्या काचेवर फुंकर मारून घालवायचा प्रयत्न केला. ठिपके होते तिथेच राहिले, काचेवर तंबाखूचा तुकडा मात्र वाढला.